चालवलेली घ्यावी, मिरवलेली नको

‘एकहाती वापर, घरगुती गाडी, आठ वर्षांत जेमतेम सहा हजार किलोमीटर.’ जुन्या क्रूझर मोटरसायकलच्या जाहिरातीत असा मजकूर दिसला की घेणारा हरखतो, आणि विकणारा त्याच आकड्यावर चार पैसे जास्त मागतो. स्प्लेंडर किंवा युनिकॉर्न घेताना कमी किलोमीटर हा गुण मानायला हरकत नाही. क्रूझरचा असा आकडा ऐकला की आधी विचारावे : मग उरलेले दिवस गाडी होती कुठे?

ही गाडी बहुतेक घरांत दुसरी असते. कामावर जायला स्कूटर आणि हौसेला ॲव्हेंजर किंवा थंडरबर्ड. पहिल्या वर्षी लोणावळा, महाबळेश्वर, तारकर्ली सगळे होते. मग लग्न, बदली, बाळ किंवा पाठदुखी यांपैकी काहीतरी आड येते आणि गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली जाते. दसऱ्याला हार घालायला तेवढी बाहेर निघते. अशा गाडीचे क्रोम लखलखीत असते, सीटवर सुरकुती नसते, आणि आतून ती पन्नास हजार किलोमीटर पळालेल्या गाडीपेक्षा जास्त दुखणाईत असू शकते.

उभ्या गाडीत काय होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण खरेदीनंतरचा निम्मा खर्च इथूनच निघतो. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि तळाला चिकट थर उरतो. जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. ते अर्धवट बुजले तरी गाडी चोकशिवाय सुरू होत नाही आणि सिग्नलला बंद पडते. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात आतून घामेजते, पाणी तळाशी बसते आणि पत्र्याला गंज धरतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नाहीत. म्हणून टाकीचे झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत पाहावे. तांबूस पूड दिसली तर पुढचे बोलणे त्या हिशेबाने करावे.

बॅटरी मेलेली असते, पण तो छोटा खर्च. टायरचे मात्र फसवे असते. नक्षी भरपूर शिल्लक असते, म्हणून आपण ‘टायर नवे आहेत’ असे मानतो. टायरच्या बाजूला लहानशा लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षांच्या टायरचे रबर कडक होते, बगलेला बारीक भेगा पडतात आणि पहिल्या पावसात डांबरावर तो काय करतो हे त्याच्यावर बसल्यावर कळून उपयोग नाही. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील वापराविना कोरडे पडतात. गाडी चार-सहा वेळा पुढून दाबली आणि दांड्यावर तेलाची वर्तुळाकार रेघ उमटली की सील गेले समजा. डिस्क ब्रेकचा पिस्टन गंजून अडकतो. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात, मग पहिला गिअर टाकताना गाडी हिसका देते.

म्हणून माझी पसंती अशी असते : सहा-सात वर्षांची, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर नियमाने पळालेली, सर्व्हिसची बिले फाइलला लावलेली गाडी. टाकीवर दोन ओरखडे असले तर असू देत. मीटर चाळीस हजार दाखवतो म्हणून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे अशा गाड्या स्वस्त पडतात, हे आपले भाग्य.

आता कोणती घ्यायची. ‘परवडणारी’ हा शब्द खरेदीच्या किमतीला लावायचा नसतो, तो पुढच्या पाच वर्षांच्या सुट्या भागांना लावायचा असतो. भारतातल्या स्वस्त क्रूझरची गोष्ट या दृष्टीने पाहिली तर फार बोलकी आहे.

बजाजने २००१ मध्ये कावासाकीच्या नावाने एलिमिनेटर आणली. १७५ सीसीचे कावासाकीचे इंजिन, लांबसडक बांधा. गाडी गोड होती, पण महाग होती. यामाहाची १२५ सीसीची एन्टायसरही त्याच सुमाराची. बजाजची खरी युक्ती २००५ ची : एलिमिनेटरचा बांधा ठेवला आणि आत पल्सरचे १८० सीसीचे इंजिन बसवले. तीच ॲव्हेंजर. २००७ मध्ये ती २०० सीसीची झाली, २०१० मध्ये २२० ची. २०१५ मध्ये तिच्या स्ट्रीट आणि क्रूझ अशा दोन तऱ्हा झाल्या. या सगळ्यात घेणाऱ्याच्या कामाची गोष्ट एकच. इंजिन पल्सरच्या कुळातले असल्यामुळे क्लच प्लेट, टायमिंग चेन, पिस्टन, ऑइल फिल्टर हे तालुक्याच्या दुकानातही मिळते, आणि ते इंजिन उघडायला कचरणारा मेकॅनिक महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. गाडीला सिलिंडर एक पण प्लग दोन असतात हेही त्याला सांगावे लागत नाही.

रॉयल एनफील्डची थंडरबर्ड २००२ ची. २०१२ मध्ये ती २० लिटरच्या टाकीसह नव्या रूपात आली, ३५० आणि ५०० अशा दोन इंजिनांत. २०२० च्या नोव्हेंबरात तिची जागा मिटिओर ३५० ने घेतली. सेकंड हँड बाजारात थंडरबर्ड ३५० भरपूर दिसते, आणि तिचे इंजिन त्या काळच्या क्लासिक ३५० च्याच घराण्यातले असल्याने भागांची चिंता नाही. वजन मात्र १९० किलोच्या वर आहे. पेट्रोल संपल्यावर चढावर ढकलून पाहा, म्हणजे ॲव्हेंजरचे १५०-१६० किलो किती प्रेमळ आहेत ते कळेल. मिटिओर चालवायला या सगळ्यांत सुखाची, थरथर कमी. पण ती अजून तरुण असल्याने ‘परवडणारी’च्या व्याख्येत बसतेच असे नाही.

सुझुकीची इन्ट्रूडर १५० ही २०१७ ची. दिसायला वादग्रस्त, म्हणून जुन्यात स्वस्त. तिचे १५५ सीसीचे इंजिन जिक्सरचे, त्यामुळे यांत्रिक बाजू ठीक. तिच्या अंगावरचे भलेमोठे प्लास्टिक मात्र तिचे एकटीचे. गाडी बंद झाली आहे, आणि पडल्यावर टाकीच्या बाजूचा पंखा तुटला की तो शोधत फिरावे लागते.

सर्वांत मोहात पाडतात त्या अनाथ गाड्या. ह्योसंगची ॲक्विला हे ठळक उदाहरण. दक्षिण कोरियातली ही दोन सिलिंडरची देखणी क्रूझर. भारतात ती आधी कायनेटिकने २५० सीसीच्या रूपात आणली. पुढे गरवारे मोटर्सने, २०१२ पासून डीएसके मोटोव्हील्सने, साताऱ्याजवळच्या वाईत तिची जुळणी केली. डीएसके समूह आर्थिक अडचणीत आल्यावर २०१८ मध्ये ह्योसंग पुन्हा कायनेटिकच्या मोटोरॉयलकडे गेली. एवढे हात बदलले की प्रत्येक वेळी डीलर तुटतो, भागांचे गोदाम तुटते आणि गाडीच्या मालकाला इंजिनाची साधी गॅस्केटसुद्धा परदेशातून मागवावी लागते. उत्तराखंडातल्या काशीपूरला जुळणी होणारी यूएम रेनेगेड २०१६ मध्ये दिमाखात आली आणि तीन-चार वर्षांत कंपनीच नाहीशी झाली. हार्लेच्या स्ट्रीट ७५० चे वेगळे. हरियाणातल्या बावलला बनलेली ही गाडी २०१४ पासून मिळू लागली, सप्टेंबर २०२० मध्ये हार्लेने भारतातले आपले उत्पादन गुंडाळले आणि पुढचा कारभार हीरो मोटोकॉर्पशी करार करून चालवला. म्हणजे ती अनाथ नाही. पण एकेकाळच्या नव्या थंडरबर्डच्या किमतीत जुनी हार्ले मिळते म्हणून उडी मारणाऱ्याने तिच्या दोन टायरांचा आणि एका सर्व्हिसचा भाव आधी विचारून यावा.

घासाघीस करताना एक नवे शस्त्र हाती आले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० च्या वर तो ४० टक्के झाला. विकणारा जुन्या बिलावरचा ऑन-रोड आकडा दाखवून त्यातून वजाबाकी करू लागला तर त्याला आजच्या शोरूमचा भाव दाखवावा. दुसरा आधार विम्याच्या कागदावर असतो : आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. विमा कंपन्या ठरलेल्या कोष्टकाने घसारा धरतात, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे तो परस्परसंमतीने ठरतो. आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे, पण बोलणे कुठून सुरू करायचे ते त्याने कळते. ३५० सीसीची रेघ विम्यातही आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. थंडरबर्ड ३५० चे इंजिन ३४६ सीसीचे, ती रेघेच्या अलीकडे. तिचीच ५०० सीसीची बहीण पलीकडे.

गाडी बघायला जाण्यापूर्वी फोनवर एवढेच सांगावे : “दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” पोहोचल्यावर पहिले काम इंजिनावर हात ठेवून पाहणे. कोमट लागले तर कोणीतरी आधीच गाडी सुरू करून तिचा खोकला घालवला आहे. थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते खरे. सुरुवातीला डोक्याकडून बारीक टकटक येऊन मिनिटाभरात विरली तर टॅपेटचे काम, किरकोळ. टायमिंग चेनचा साखळी खुळखुळल्यासारखा आवाज गरम झाल्यावरही टिकला तर खर्च वाढतो. खालून, गाभ्यातून, जड ठोके येत असतील तर चहा पिऊन परत यावे. सायलेन्सरमधून सकाळी निघणारी पांढरी वाफ चालते, पण थ्रॉटल उघडल्यावर निळा धूर निघाला तर इंजिन तेल खाते आहे. ॲव्हेंजर २०० आणि २२० ला पुढे ऑइल कूलर असतो. त्याच्या पातळ पंखांवर दगडांचे घाव आणि नळ्यांच्या सांध्यांवर ओल आहे का, हे वाकून पाहावे.

मग गाडीच्या मागे दहा पावलांवर उकिडवे बसा. दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. क्रूझरचा पुढचा फोर्क जास्त कललेला आणि लांब असतो, त्यामुळे समोरून बसलेला धक्का तो आणि चासीची मान आपल्या अंगावर घेतात. मानेपाशी नवा रंग, वेल्डिंगची जाड रेघ किंवा पत्र्याला सुरकुती दिसली तर किमतीची चर्चाच नको. पडण्याच्या खुणा वरून पुसल्या जातात, खालून राहतात. फूटरेस्टचे टोक, क्लच लिव्हरचा गोळा, क्रॅश गार्डची खालची बाजू, सायलेन्सरचे पोट इथे हात फिरवावा. मीटर मागे फिरवलेला आहे का, याची साक्ष फूटरेस्टचे रबर आणि डिस्कच्या कडेला पडलेली पायरी देते. बारा हजार किलोमीटरला रबर गुळगुळीत होत नाही.

क्रूझरवर क्रोम भरपूर, आणि क्रोमचा शत्रू समुद्र. रत्नागिरी, मालवण, वसई, पणजी इथली गाडी असेल तर तारांच्या चाकांवर विशेष लक्ष द्यावे. ॲव्हेंजर क्रूझला तारांची चाके आणि ट्यूबचे टायर असतात. एकेक स्पोक पेन्सिलीने वाजवत गेले की सैल असलेला बद्द वाजतो. रिमला आउट असेल तर चाक उचलून फिरवताच डोलते. पंक्चर झाले तर चाक काढावे लागते, ही या देखण्या चाकांची रोजची किंमत. स्ट्रीटचे अलॉय दिसायला साधे, पण लांबच्या रस्त्यावर तेच बरे. कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ चा महापूर डोक्यात ठेवावा. हेडलाइटच्या आत चिखलाची रेघ, सीटखालच्या वायरींच्या सॉकेटवर हिरवट गंज, ही बुडून वर आलेल्या गाडीची चिन्हे.

चालवून पाहताना वेग बघू नका, त्यासाठी ही गाडी नाहीच. पायी चालण्याच्या वेगाने सरळ जाऊन हँडल सैल धरा, एका बाजूला ओढते का ते कळेल. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली आणि हँडलखाली कट्‌कट् झाली तर कोनसेट गेला. पाचव्या गिअरमध्ये कमी वेगावर थ्रॉटल उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच प्लेटा घसरतात. एखादा उंच स्पीडब्रेकर मुद्दाम घ्या. लांब बांधा आणि जमिनीपासून कमी अंतर, यामुळे दोघे बसल्यावर काही गाड्यांचे पोट टेकते. आणि निदान अर्धा तास बसून पाहा. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात पायांवर उभे राहून धक्का झेलता येत नाही, तो थेट माकडहाडाला पोचतो. ज्याला कंबरेचे दुखणे आहे त्याने क्रूझर म्हणजे आरामखुर्ची हा समज सोडावा. उंची कमी असलेल्यांना मात्र यासारखी गाडी नाही. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून साधारण ७३७ मिलिमीटरवर, म्हणजे कमी उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात.

साल बघताना दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस बंधनकारक झाले. पैशांत थोडा फरक पडला तरी त्यानंतरची घ्यावी असे मी हट्टाने सांगेन. दुसरी तारीख १ एप्रिल २०१७. त्या दिवसापासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण निकषाच्या गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाने थांबवली आणि आदल्या दोन दिवसांत शोरूमनी सवलतींचा पाऊस पाडून माल संपवला. मार्च २०१७ ची नोंदणी दिसली की ती बीएस-३ असण्याची शक्यता मोठी. गाडी वाईट नसते, पण ती ‘२०१७ चे मॉडेल’ म्हणून नव्या नियमांच्या गाडीच्या भावात विकली जाऊ नये.

फटाके फोडणारा सायलेन्सर, माकड झुलावे इतके उंच हँडल, मागे रुंद टायर, असा साज केलेली गाडी मिळाली तर त्या साजाचे पैसे देऊ नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावले. पोलिसांनी जप्त केलेल्या असल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतोच. मालकाकडे मूळ सायलेन्सर आहे का ते विचारा. नसेल तर त्याची किंमत वजा करा.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण एका निकालापुरते थांबू. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की गाडी हातोहात विकली गेली असली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणजे टीटीओ (मालकीबदल) फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकणारा विक्रेता स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून घेतो. हे त्याला शांतपणे सांगितले की तो स्वतःच सोबत येतो. कायदा विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस देतो. फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर २८. कर्ज फिटले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, हे अनेकांना विकायच्या दिवशी कळते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. आणि ‘विमा चालू आहे’ म्हणजे काय, हे उघडून पाहावे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्याच्या कितीतरी आधी संपलेला असू शकतो.

आरसीवरचा चासी नंबर गाडीच्या मानेवरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्यावा, कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची प्रिंटही काढावी. अंकांच्या आसपास घासल्याच्या खुणा असतील तर तिथेच थांबावे. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वर पाहता येते. थकलेली ई-चलाने विक्रेत्याकडून भरून घ्यावीत, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्चसुरक्षा पाटी बसली आहे का तेही बघावे. २००५ ते २०१० मधल्या पहिल्या ॲव्हेंजर आता १५ वर्षांपुढे गेल्या आहेत. नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर झालेला नसेल तर स्वस्त दिसणारी गाडी तेवढी स्वस्त राहत नाही.

गोव्यातून येणाऱ्या गाड्यांबद्दल एक सावधगिरी. तिथे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, आणि त्यांत ॲव्हेंजर, थंडरबर्ड, मिटिओर यांचा भरणा असतो. त्या नियमित सर्व्हिस झालेल्या असतात, पण प्रत्येक सिझनला शेकडो अनोळखी हातांनी त्यांचा क्लच ओढलेला असतो. शिवाय त्या आधी खासगी नोंदणीत आणाव्या लागतात, मग एनओसी, मग महाराष्ट्राचा कर. चालवलेल्या गाडीची बाजू मी घेतो खरी, पण ही चालवणी त्यातली नव्हे.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग आणि ब्रेक ऑइल बदलून टाकावे, विक्रेता काहीही म्हणो. कार्बोरेटर असेल तर तो उतरवून साफ करावा. चेन-स्प्रॉकेटचे दात बाणासारखे टोकदार झाले असतील तर पूर्ण किट बदलावे, नुसती चेन नव्हे. पुण्यात नाना पेठेत हे सगळे एका फेरीत मिळते. पहिला महिना ओळखीच्या गॅरेजच्या टप्प्यातच फिरावे, ताम्हिणीची घाई करू नये. पाचशे किलोमीटर झाले की नवे घातलेले तेलही एकदा पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात पाहावे. काळपट झाले असेल तर जुन्या मळाने झाले, काळजी नाही. त्यात चमकणारी बारीक कणी तरंगताना दिसली, तर मेकॅनिकला इंजिन उघडायला सांगायचे.